पाटोडीच्या दुकानातला मंगळवार

सोमवारी कलेक्टर ऑफिसात प्रजावाणी, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस असतो, म्हणून सोमवारी बयनाबाईच्या दुकानात बसायला जागा मिळत नाही. बेला, जैनद, तामसीकडची माणसं सकाळच्या बसनं आदिलाबादला उतरतात, अर्ज हातात धरून रांगेत उभी राहतात, आणि साहेबांचं तोंड पाहून झालं की बस स्टँडमागच्या अरुंद गल्लीत शिरतात. तिथं दोन भट्ट्या, सहा बाकं आणि एकच पदार्थ. पाटोडीचा रस्सा, सोबत ज्वारीची भाकर आणि फोडलेला कांदा. पन्नास रुपयांत पोट भरेपर्यंत. अठ्ठावीस वर्षांत बयनाबाईनं दुसरं काही रांधलं नाही. बेसन शिजवून परातीत थापायचं, त्याच्या वड्या पाडायच्या आणि त्यांवर लालभडक तर्रीचा रस्सा ओतायचा. कोणी पोळी मागितली, भात मागितला, तर ती म्हणायची, "बापा, मले एवढंच येते. पण हे येते."

रुपा तिची सून. माहेर भैंशाचं, लग्नाला नऊ वर्षं झालेली. भाकरी थापायच्या, कांदा चिरायचा, ताटं मांडायची, हे तिचं काम. रश्शाच्या पातेल्याला बयनाबाई कोणाला हात लावू देत नसे. आदल्या उन्हाळ्यात रुपानं ताकाचं काढलं. तिखट खाऊन माणसं घामाघूम होतात, नाक पुसत बाहेर पडतात आणि रसाच्या गाडीवर धावतात. त्यांना इथंच गार ताक दिलं तर काय बिघडतं? बयनाबाईला पटलं नव्हतं. "एका हातानं एकच काम नीट होते," ती म्हणाली. मग चार दिवसांनी स्वतःच म्हणाली, "कर. पण तुह्यं ताक तूच पाय. मी त्याच्यात बोट घालणार नाई." महिनाभरात लोक ताटाआधी ताक मागू लागले. त्या दुकानात रुपाला स्वतःचं म्हणावं असं पहिल्यांदाच काही मिळालं होतं.

ही गोष्ट पुढच्या मे महिन्यातल्या एका मंगळवारची आहे.

सकाळचे आठ वाजले होते आणि डोक्यावरचे पत्रे तापायला लागले होते. रुपा विळीवर कांदे चिरत बसली होती. गल्लीच्या तोंडाशी लक्ष्मणराव दिसले तेव्हा तिला वाटलं, आज यांची वेळ चुकली. लक्ष्मणराव जुने पटवारी. नोकरी सुटून बारा वर्षं झाली, पण दुपारी साडेबाराला दुकानात येऊन बसण्याची सवय काही सुटली नव्हती. आज त्यांनी दारात चपलाही काढल्या नाहीत.

"बयनाबाई, भट्टी विझव," ते म्हणाले.

"काऊन?"

"दवाखान्यात चौदा लोकं भरती हायेत. पहाटपासून. उलट्या, जुलाब. सगळे काल प्रजावाणीले आलते. आन सगळे इथं जेवले."

रुपाचा हात विळीवर थांबला.

बयनाबाईनं कढईतला झारा खाली ठेवला. "काल माह्या पातेल्यातून दीडशे लोकं जेवले," ती सावकाश म्हणाली. "पातेलं एकच होतं. मंग चौदाच काऊन?"

"ते मले नको विचारू. लोकं तुह्यं नाव घेऊन राह्यले. एक लहान पोरगीबी हाय, सलाईन लावली तिले."

रुपाच्या मनात एक गोष्ट वर आली. तिनं ती दाबली, रिकामं मडकं पाण्याखाली दाबून धरावं तशी. हात सैल पडला की वर येणारच, हे तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात तिचा नवरा प्रवीण मार्केटातून आला. त्याच्याही कानावर गेलं होतं. मोटरसायकल स्टँडवर लावायच्या आतच तो बोलू लागला. "माय, सगळं धुऊन काढ. परात, पातेलं, सगळं. कालचा रस्सा उरला असंन तं नालीत टाक. तपासणीवाले येऊन राह्यले."

"कालचा रस्सा मी सकाळी भाकरीसंग खाल्ला," बयनाबाई म्हणाली. "वाटीभर उरला, तो झाकून ठेवला. तो राहीन."

"माय, तुले समजत कसं नाई?"

"चोरी केली त्यानं धुवाव. मी काऊन धुवू?"

मायलेकांचं बोलणं संपायच्या आत गल्लीत माणसं जमली. आधी शेजारचे दुकानदार, मग अनोळखी चेहरे. त्यातून एक तरणा माणूस पुढं आला. डोळे लाल, अंगात कालचाच शर्ट. त्याचा बाप दवाखान्यात होता.  त्यानं ओट्यावरची थापलेल्या पाटोडीची परात उचलली आणि नालीत भिरकावली. परात दगडावर आपटली तो आवाज गल्लीभर घुमला. प्रवीण त्याच्या अंगावर धावला, दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या, लक्ष्मणराव मधे पडले तर त्यांचा चष्मा खाली गेला.

बयनाबाई ओट्यावर उभी राहिली. बुटकी बाई, पण त्या दिवशी ती सगळ्यांना दिसली. "ऐका रे," ती ओरडली. "अठ्ठावीस साल तुमाले खाऊ घातलं. या दुकानातल्या कोणत्या वस्तूत खोट असंन, तं माह्या या एकुलत्या लेकाले लागो! याहून मोठं माह्यापाशी काई नाई."

माणसं दोन पावलं मागं सरली. रुपाच्या मात्र कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. पातेल्यापुरती शपथ घेतली असती तर चाललं असतं. सासूनं सगळ्या दुकानासाठी घेतली होती.

तपासणीच्या मॅडम नऊच्या सुमाराला आल्या. मंचेरियालकडच्या असाव्यात, तेलुगू आणि हिंदी मिसळून बोलत होत्या. आवाज चढवत नव्हत्या, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. "अम्मा, कोई चीज धोनी नहीं, फेंकनी नहीं," त्यांनी आधीच सांगितलं. वाटीतला रस्सा, बेसन, तेल, तिखट, पिण्याचं पाणी, सगळ्याचे नमुने बाटल्यांत भरून घेतले. मग वहीतून मान वर न करता विचारलं, "और क्या देते खाने के साथ?"

"बस, पाटोडी और भाकर," प्रवीण लगेच म्हणाला. "पूरा गाव जानता है, मॅडम. एकच चीज."

मॅडमचं लक्ष कोपऱ्यातल्या ताकाच्या स्टीलच्या पिंपाकडे गेलं. ते रात्री घासून पालथं घातलेलं होतं. "ये?"

"पीने के पानी का."

रुपा भिंतीला टेकून उभी होती. मॅडमनी तिच्याकडे एकदा पाहिलं. बोलायला तेवढी एक घडी होती. ती गेली. दुकानाच्या दारावर कागद चिकटवला गेला: रिपोर्ट येईपर्यंत बंद.

"खोटं काऊन बोलले तुमी?" मॅडमची गाडी गेल्यावर रुपानं नवऱ्याला विचारलं.

"जितकं कमी सांगू तितकं बरं असते," प्रवीण म्हणाला. "रश्शात काई निघत नाई. आठ दिवसांनी माय उजळ माथ्यानं दुकान उघडन. तू ताकाचं मधात आणू नको."

म्हणजे त्यालाही शंका आली होती. पण त्याला जे ठाऊक नव्हतं, ते रुपाला ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी केशवरावांच्या बर्फाच्या डेपोवर गेली होती. केशवराव म्हणाले, खायच्या बर्फाचं मशीन शनिवारपासून बंद पडलं आहे. मासोळीवाल्यांचा बर्फ आहे, हवा तर न्या. ती थबकली होती. "त्यानं काई होणार तं नाई?" तिनं विचारलं. "पाणीच तं हाय, बाई. दिसाले सारखंच," ते हसून म्हणाले. प्रजावाणीचा दिवस, बेचाळीस डिग्री ऊन, लोक आल्या आल्या ताक मागणार. तिनं दोन लाद्या घेतल्या. घरी आणून तीन पाण्यांनी धुतल्या, वर चिकटलेला कोंडा काढला, आणि फोडून ताकात टाकल्या. तीन वेळा धुतल्या म्हणजे मनात शंका होतीच. हे ती आता स्वतःशी नाकारू शकत नव्हती.

तरीही एक आशा होती. रस्सा असेल, पाणी असेल, कुठल्या तरी भाकरीच्या पिठात काही असेल. खात्री करून घ्यावी म्हणून, की खोटं ठरावं म्हणून, ते तिचं तिला कळलं नाही. पण अकराच्या सुमाराला ती डोक्यावरून पदर घेऊन दवाखान्यात गेली.

वॉर्डात खाटा कमी पडल्या होत्या. काही जण खाली सतरंजीवर झोपले होते. फिनाईल आणि ओकारीचा वास मिसळून डोकं भणभणत होतं. खिडकीजवळच्या खाटेवर सात-आठ वर्षांची पोरगी पडली होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, हाताला पट्टी. आई तिच्या पायाला तळहात घासत बसली होती.

"काय नाव पोरीचं?" रुपानं विचारलं.

"चंचल." बाईनं वर पाहिलं. तिनं रुपाला ओळखलं नाही. दुकानातल्या गर्दीत भाकरी थापणाऱ्या बाईचं तोंड कोण पाहतो? "तुमचं कोणी हाय काय इथं?"

"हो. हाय." रुपाच्या तोंडून निघून गेलं. "तुमी कुठले?"

"बेल्याकडचे. मी मयूरी. पोरीच्या सर्टिफिकेटासाठी तिसरी चक्कर होती आमची. काम झालं नाई ते नाईच, आन हे होऊन बसलं." ती रडत नव्हती. रडणं होऊन गेलेलं दिसत होतं. "डॉक्टर म्हणते, अजून लघवी नाई झाली. झाली म्हणजे बरं."

 रुपानं विचारलं, "पाटोडी लय खाल्ली काय पोरीनं?"

"पाटोडी?" मयूरी म्हणाली. "तिनं तं हातबी नाई लावला पाटोडीले. जिभीले तिखट लागली म्हणून ताट सरकवून देल्लं. मीच खाल्ली तिची. मले तं काई नाई झालं. ताक तेवढं आवडलं तिले. दोन गिलास पेली."

रुपानं खाटेची लोखंडी कड धरली.

"आन तुमी? तुमी नाई पेल्या?"

"मले सर्दी होती, म्हणून नाई पेली." मयूरी बोलता बोलता थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली. बहुतेक तिच्याही मनात त्या क्षणी दोन आणि दोन जुळायला लागले होते. "काऊन विचारून राह्यल्या तुमी?"

"आली मी," असं म्हणून रुपा बाहेर पडली. जिन्यात उभी राहून तिनं केशवरावांना फोन लावला. 

"कालचा बर्फ खराब होता," ती म्हणाली. "माणसं दवाखान्यात हायेत."

 पलीकडे केशवरावांचा आवाज बदलला. "तुमाले सांगूनच देल्ला होता, बाई. तुमी हो म्हणाल्या. आता माह्यं नाव घेसान तं मीबी सांगीन का हिनं माहीत असून घेतला. विचार करून घ्या."

"आज कोणाले देल्ला तो?"

"तुमाले काय करायचं?"

"केशवराव, आज कोणाले देल्ला?"

"लग्नाची ऑर्डर होती. मावळा रोडच्या हॉलात. पंधरा लाद्या. झालं समाधान?" आणि फोन कटला.

मांडवातल्या मठ्ठ्यात तो बर्फ पडणार होता. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मे महिन्यातले मुहूर्त बाराच्या आसपासचे. अक्षता पडल्या की पंगत. रुपानं प्रवीणला फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं, मासोळीच्या बर्फासकट.

 तो म्हणाला, "घरी ये. हे कोणाले सांगितलं नाई ना?"

"लग्नात पाचशे माणसं असतीन."

"ते आपल्या दुकानात नाई आले, रुपा. तू तिथं जाऊन काय सांगशीन? तू सांगितलं का मायची शपथ खोटी पडली. आपलं दुकान गेलं समज. ऐक माह्यं. घरी ये."

"तुमची शपथ घेतली त्याईनं," रुपा म्हणाली. "तुमची. आन मी उभी राहून ऐकली." तिनं फोन बंद करून पिशवीत टाकला आणि समोरून येणाऱ्या ऑटोला हात केला.

हॉल गाठेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या. बँड वाजत होता. मागच्या अंगणात शामियान्याखाली लहान पोरांची पहिली पंगत बसली होती, आणि स्टीलच्या मोठ्या टाकीतून वाढपी जगात मठ्ठा भरत होते. टाकीत बर्फाची ढेकळं तरंगत होती. रुपा सरळ आचाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मठ्ठा वाढू नका. बर्फ खराब हाय."

आचारी हसला. "कोण तू?"

"बर्फ खायचा नाई तो. मासोळीचा हाय. कोणाले देऊ नका."

"बाई, बाजूला सर. पंगत बसली."

जग घेतलेला वाढपी तिला वळसा घालून निघाला. रुपानं त्याच्या हातातला जग धरला. ओढाताणीत मठ्ठा तिच्या लुगड्यावर सांडला. आरडाओरडा झाला, बायका धावल्या, आणि नवरीचे वडील अमृतराव, फेट्यातच, घाम पुसत तिथं आले. "कोण हाय ही? कोणाकडून आली?"

आता आडून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मी बयनाबाईची सून," रुपा म्हणाली. "बस स्टँडमागची पाटोडी. काल आमच्याकडं जेवून चौदा लोकं दवाखान्यात गेले. ते पाटोडीनं नाई गेले. माह्या ताकानं गेले. ताकात मी बर्फ टाकला होता, केशवरावच्या डेपोतला, मासोळीचा. तोच बर्फ आज तुमच्या टाकीत हाय."

अमृतरावांचा चेहरा आधी कोरा पडला, मग लाल झाला. "तुमच्या घरचं पाप माह्या मांडवात कायले आणून राह्यली? लग्नाच्या दिवशी? काढा रे हिले बाहेर!"

दोघांनी तिचे दंड धरले. तिनं पाय रोवले. "मले मारा पायजे तं," ती ओरडली, "पण एक लेकरू तिथं सलाईनवर हाय. सात सालाचं. दोन गिलास पेलं फक्त!"

तोपर्यंत नवरदेवाची आजी शकुबाई काठी टेकत टाकीमागं गेली होती. बर्फाची रिकामी बारदानं तिथंच भिंतीशी टाकलेली होती. म्हातारीनं एक उचलून नाकाला लावलं आणि तोंड फिरवलं. "अमृतराव," ती म्हणाली, "हे हुंगून पाहा."

अमृतरावांनी हुंगलं. मासोळीचा वास लपण्यासारखा नव्हता. माळकरी घरातलं लग्न होतं. पुढं होऊन त्यांनी दोन्ही हातांनी टाकी लोटली. पांढरा लोट अंगणभर पसरला, बर्फाचे तुकडे मातीत घरंगळले, पोरं पत्रावळ्या उचलून किंचाळत पळाली.

पण पहिल्या पंगतीतल्या काही पोरांच्या पोटात मठ्ठा गेला होता. किती जणांच्या, ते कोणाला सांगता येईना. रुपानं अमृतरावांना एवढंच सांगितलं की त्या पोरांना लगेच दवाखान्यात दाखवा, आणि डॉक्टरला बर्फाचं सांगा. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण जीप काढायला सांगितली.

ती दुकानाशी परतली तेव्हा बयनाबाई बंद दाराच्या पायरीवर बसलेली होती. नालीतली परात आणून तिनं घासून उन्हात ठेवली होती. परातीच्या काठाला पोचा आलेला होता. प्रवीण बाजूला उभा होता. त्यानं आईला काही सांगितलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं.

"आत्याबाई," रुपा म्हणाली, आणि तिथंच खाली बसून तिनं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. तीन वेळा धुतलं तेसुद्धा.

 संपल्यावर बयनाबाई नुसती परातीकडे पाहत राहिली. दोन्ही हात मांडीवर पडलेले, जणू कोणा दुसऱ्याचे. शेवटी म्हणाली, "मी याची शपथ घेतली तवा तू मांगं उभी होती."

"हो."

"तवाच बोलाचं होतं."

"हो, आत्याबाई."

म्हातारी उठली. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेऊन. पदर नीट केला. "चाल. त्या मॅडमचं ऑफिस मले माहीत नाई, तू दाखव."

प्रवीण आडवा आला. "माय, तुह्या पातेल्यात काई निघत नाई. रिपोर्ट येऊ दे. तू कायले जाते?"

"दुकान माह्यं हाय का फक्त पातेलं?" बयनाबाई म्हणाली. "हट."

मॅडमनी दोघींचं म्हणणं लिहून घेतलं. "छाछ कब से देते थे? बोर्ड पर तो एकच चीज लिखी है," त्यांनी विचारलं. मग प्रवीणचं नाव घालून आणखी दोन ओळी लिहिल्या. शेवटी पेन खाली ठेवून त्या रुपाला म्हणाल्या, "सुबह बोलना था आपने. चार घंटे गए." त्यांनी तिथूनच फोन केले, आणि तासाभरात केशवरावांच्या डेपोला कुलूप लागलं.

संध्याकाळ व्हायच्या आत रुपा पुन्हा वॉर्डात गेली. पदर डोक्यावरून खाली घेतलेला. मयूरीनं पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांवरूनच रुपाला कळलं की हिला समजलं आहे. रुपानं तरी आपल्या तोंडानं सांगितलं. मयूरीनं हात उगारला. तो वरच राहिला. मग तिनं तो खाली घेऊन पोरीच्या पायावर ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं. "जा," एवढंच म्हणाली. रुपा खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिली. कोणी उठ म्हटलं नाही, कोणी बस म्हटलं नाही. दिवे लागायच्या सुमाराला नर्स बाहेर आली आणि जाता जाता म्हणाली, खिडकीजवळच्या पोरीला लघवी झाली. रुपा उठली तेव्हा तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

मेलं कोणी नाही. लग्नातल्या पोरांपैकी चौघं आजारी पडली. वेळेवर नेलं म्हणून दोन दिवसांत घरी गेली. त्या लाल डोळ्यांच्या तरण्या माणसाचा बाप मात्र बारा दिवस खाटेवर होता, आणि घरी गेल्यावरही काठीशिवाय चालेना. रिपोर्टात रस्सा चांगला निघाला, बर्फ वाईट. दुकानाला दंड झाला आणि दीड महिना कुलूप राहिलं. केशवरावांनी पावसाळ्याच्या आधीच भाच्याच्या नावानं दुसऱ्या गल्लीत डेपो टाकला, असं लक्ष्मणरावांनी येऊन सांगितलं. प्रवीण रुपाशी बरेच दिवस कामापुरतं बोलला. बयनाबाई मात्र पहिल्यासारखीच बोलायची, आणि तेच रुपाला जास्त जड जायचं.

दुकान उघडलं त्या सोमवारी चाळीसएक माणसं आली. पुढच्या सोमवारी साठ. जुनी गिऱ्हाईकं आत येण्याआधी गल्लीच्या तोंडाशी जरा रेंगाळत, मग येत.

तिसऱ्या सोमवारी भर दुपारी, बाकं भरलेली असताना, दारात मयूरी उभी राहिली. चंचल तिच्या कडेला, केसांना तेल लावलेली, अजून हडकुळी. रुपा तव्यापुढून उठली. मयूरी आत आली नाही. तिनं पिशवीतून एक कागद काढून पुढं धरला.

"हे तेलुगूत हाय," ती म्हणाली. "आमच्या घरात कोणाले वाचता येत नाई. काउंटरवरचा म्हणते, काई तरी चुकलं, पुन्हा लिहून आणा. चौथी चक्कर हाय ही. इथं माह्या ओळखीचं दुसरं कोणी नाई."

रुपा भैंशाला तेलुगू शाळेत दहावीपर्यंत शिकलेली होती. तिनं कागद वाचला. बापाच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं होतं, आणि गावाच्या जागी भलत्याच गावाचं नाव.

"हे इथं बसून नाई होत," ती म्हणाली. "ऑफिसात जाव लागन."

तिनं बयनाबाईकडे पाहिलं. तव्यावर भाकर होती, चार माणसं ताट मागत होती. बयनाबाईनं पाट ओढला आणि स्वतः तव्यासमोर बसली. रुपानं हात धुतले.

ऑफिसपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. ढग दाटलेले, पण पाऊस नाही. अंगाची लाही होत होती. मयूरी एक पाऊल पुढं चालत होती.  रांग फाटकाबाहेरपर्यंत आलेली होती. त्या दोघी रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या, आणि चंचल दोघींच्या मधे.